चांगुणाचा नंबर कितवा

चारचौघांत विचारू नयेत असे प्रश्न विचारणं, ही माझी नोकरी होती. जेवताना तुमच्या शेजारी कोण बसलं होतं, किती वेळ बसलं होतं, झोपायच्या खोलीत किती जण होतात, कोणाचं तोंड कोणाकडे होतं, खिडकी उघडी होती का, आणि नव्हती तर का नव्हती. एका सासूबाईंनी मला तोंडावर विचारलं, "बाय, तू नर्स हायेस का पोलीस?" मी म्हटलं, थोडी थोडी दोन्ही, पण पकडायचं आजाराला, माणसाला नाही. "मंग बस, चहा घे," म्हणाल्या आणि पुढचा तासभर त्यांनी सुनेच्या तक्रारी सांगितल्या. त्यातही मला दोन-तीन उपयोगाच्या गोष्टी मिळाल्या.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘महामारीतले हृद्य अनुभव’ मागितले, तेव्हा मी त्यांना सांगितलं की रडकं लिहायला दुसरं कोणी शोधा. त्या दोन वर्षांत रडण्यासारखं खूप झालं, मीही रडले. पण मला काम येत होतं आणि मी ते चांगलं केलं, हेही खरं आहे. एकदा मात्र वाईट केलं. तेही सांगणार आहे.

कर्जत तालुक्यातल्या उपकेंद्रांमध्ये माझी हयात गेली. निम्म्या तालुक्याला सुया मीच टोचल्या आहेत, त्यामुळे माझं नाव कोणाला ठाऊक नाही, सगळे ‘शिस्टर’च म्हणतात. निवृत्त होऊन भिसेगावात घर केलं, गॅलरीत मोगरा लावला, आणि मोगऱ्याला फूल यायच्या आत महामारी आली. पहिलं वर्ष उपकेंद्राच्या मदतीला गावोगाव फिरले. दुसऱ्या वर्षी मुंबईच्या एका संशोधन संस्थेकडून डॉक्टर मानसी नावाची मुलगी माझं दार वाजवत आली. मुलगीच म्हणते, कारण माझ्या धाकटीच्या वयाची. तिला कर्जत आणि खालापूर तालुक्यांत फिरून शोधायचं होतं की हा विषाणू कुठे जास्त पसरतो, कुठे कमी, आणि का. एका घरात एक जण आजारी पडतो आणि बाकीचे ठणठणीत राहतात, शेजारच्या घरात मांजर सोडून सगळे आडवे होतात. विषाणू तर तोच. मग फरक कशाचा? तिला विषाणू माहीत होता आणि मला माणसं माहीत होती, त्यामुळे आमचं जमलं.

आधी धंदा समजावते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. अंगणात अगरबत्ती लावली तर दोन हातांवर वास पोचत नाही. तीच देवघराची दारं-खिडक्या लावून लावली तर तासाभरात डोळे चुरचुरतात. आजारी माणसाच्या श्वासाचं तसंच आहे. तो गप्प बसला तर थोडा धूर, बोलला तर जास्त, ओरडला किंवा गायला तर पुष्कळ. डॉक्टर मानसीकडे साबणाच्या डबीएवढं एक यंत्र होतं. बंद खोलीत माणसं बसली की त्यावरचा आकडा वाढत जायचा, खिडकी उघडली की उतरायचा. खोलीतली किती हवा आधीच कोणाच्या तरी छातीतून फिरून आली आहे, ते त्यावर कळायचं. लोकांना हे कसं सांगायचं, असा तिला प्रश्न पडला होता. मी म्हटलं, त्यात काय, उष्टी हवा म्हण. आपल्याकडे उष्टं पाणी कोणी पीत नाही, उष्टी हवा मात्र आनंदाने घेतो. तिने तो शब्द वहीत लिहून घेतला आणि पुढे सगळीकडे वापरला. श्रेय मला दिलं नाही, पण असू दे.

खालापूर तालुक्यातल्या चौक गावात जुन्या हायवेवर एक ढाबा होता. मालक मोठा हौशी. पायाने दाबायचं सॅनिटायझरचं स्टँड, दारात ताप मोजायची बंदूक, वेटरांच्या तोंडावर पारदर्शक पडदे. आम्हाला सगळं फिरवून दाखवलं, आणि शेवटी देवळाचा गाभारा दाखवावा तसं काचेचं दार उघडून एसीची ‘फॅमिली रूम’ दाखवली. बाहेर मोकळ्यावर बाजा टाकल्या होत्या, त्यावर ट्रकवाले जेवायचे. त्या बाजूला तो आम्हाला नेतच नव्हता. "थितं काय बघायचंय, डायवर लोक बसतात," म्हणाला. आम्ही यंत्र घेऊन दोन्हीकडे बसलो. बाजेवर आकडा जागचा हलेना. फॅमिली रूममध्ये दोन कुटुंबं जेवायला बसली आणि आकडा चढायला लागला तो चढतच राहिला. मग वेटरांना विचारलं. बाहेर वाढणारे धडधाकट होते, आणि काचेच्या आत वाढणारे आळीपाळीने आजारी पडले होते.

मालकाने यंत्र हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. "म्हंजे शिस्टर, डायवर लोक बरे, नि फ्यामिलीवाले बाद?"

"माणसं बाद नाहीत, तुमची काच बाद आहे."

"धूळ येऊ नये म्हणून लावली होती वो."

महिनाभराने गेलो तर काच काढून जाळी बसवली होती आणि वर नवीन बोर्ड रंगवला होता, ‘मोकळ्या हवेची फॅमिली रूम’. खाली माझं नाव घालायचं म्हणत होता. मी हात जोडले.

या कामातली एक युक्ती मी डॉक्टर मानसीला शिकवली. तिच्या फॉर्मवर ‘लक्षणे सुरू झाल्याची तारीख’ असा रकाना होता. तारीख विचारली की माणूस काहीतरी ठोकून देतो. मुद्दाम खोटं बोलत नाही, आपल्याला माहीत नाही असं दिसू नये म्हणून बोलतो. मी तारीख विचारतच नसे. अंग दुखायला लागलं तेव्हा शेतात काय चाललं होतं? भात पेरलं होतं का? रेशन वाटलं त्याच्या आधी की नंतर? गाय व्यायली होती का? असं विचारलं की तारीख आपोआप बाहेर येते. एक नेरळचा गृहस्थ छातीवर हात ठेवून म्हणाला, मी पंधरा दिवस कोणाला भेटलोच नाही. मी बायकोला विचारलं, यांची दाढी कोण करतं? मग न्हावी निघाला, न्हाव्यामागून पत्ते खेळणारे चौघे निघाले.

एवढं शहाणपण ज्या बाईकडे होतं, तिनेच पुढचा घोळ घातला.

पोशीरच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, कारण तिथल्या पोरांची लग्नं अजून जमायची आहेत. गाव भातशेतीवाल्यांचं. गावाच्या वर, डोंगराच्या पायथ्याशी ठाकरवाडी. मध्ये एक ओहोळ. वाडीवरच्या बायका गावात आवणीला येतात, म्हणजे भाताची रोपं लावायला. रानभाज्या आणतात, लग्नकार्याला पळसाची पानं पोचवतात, आणि दळणाला खाली गावातल्या गिरणीवर येतात. चांगुणा ही त्या बायकांची म्होरकी. चाळिशीची, अंगाने काटक, चिखलात उतरली की तिच्या जोडीला राहणं अवघड. कोणाच्या शेतात कोणत्या दिवशी किती बायका, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं.

जेठ संपता संपता गावात आणि वाडीवर, दोन्हीकडे ताप सुरू झाला. गावात एक लग्न नुकतंच झालं होतं, आणि त्या लग्नघरचे आबा, नवरदेवाचे वडील, दवाखान्यात दाखल होऊन तिथेच गेले. आम्ही तपासणीला गेलो. जोराचा पाऊस झाला की वाडीचा रस्ता बंद होतो, म्हणून आधी वाडीवर गेलो आणि गाव दुसऱ्या दिवशी घेतलं. साहजिकच वाडीचे रिपोर्ट आधी आले. जसे आले तसे मी कागदावर नंबर घालून लिहिले. पहिला नंबर चांगुणा. शेजारी आजार सुरू झाल्याचा रकाना होता, तो नंतर भरू म्हणून रिकामा ठेवला. शाळेच्या ओट्यावर टेबल होतं, त्यावर कागद उघडा पडला होता. पंचायतीतल्या एका सदस्याने त्याचा फोटो काढला. संध्याकाळी गावाच्या ग्रुपवर तो फिरला, वर लिहिलेलं, ‘पहिली केस ठाकरवाडीची’.

आमच्या धंद्यातला पहिला धडा असा की आधी सापडलेला माणूस आणि आधी आजारी पडलेला माणूस एकच असतो असं नाही. हे मी कितीतरी नव्या मुलींना शिकवलं. आणि मीच तो रकाना रिकामा ठेवला, कागद झाकून ठेवला नाही. डॉक्टर मानसी म्हणाली, चूक आपल्या दोघींची. मी म्हटलं, अक्षर माझं आहे.

लग्नघरचा थोरला मुलगा दत्ताभाऊ. बाप गेलेला माणूस, त्याला कोणावर तरी राग काढायचा होता आणि मी त्याला नाव लिहून दिलं होतं. गिरणीवर उभा राहून तो म्हणाला, "माझ्या बापाला चांगुणानं खाल्लान." दुसऱ्या दिवशी गिरणीवाल्याने वाडीच्या बायकांना पायरी चढू नका म्हणून सांगितलं. मग आवणी आली, आणि गावाने वाडीवर निरोपच धाडला नाही. घरच्या घरी, रडतखडत, पण आपली आपण लावून घेतली. आवणीच्या त्या दिवसांवर वाडीचं पावसाळ्यातलं खाणं चालतं. आठवड्याभरात वाडीच चांगुणाकडे वाकड्या नजरेने बघायला लागली. तिच्यापायी आमचं काम गेलं, असं तिची सख्खी जाऊच म्हणाली.

मी वाडीवर गेले तेव्हा ती ओटीवर बसून जात्यावर नाचणी दळत होती. ते जातं किती वर्षांनी बाहेर काढलं होतं कोण जाणे. मला बघून हात थांबवला नाही. ठाकर माणूस कोणालाही तूच म्हणतो, त्यात अपमान नसतो, पण त्या दिवशीचं ‘तू’ मला टोचलं.

"शिस्टर, तुझा कागद आला वाडीवर. मोबाइलमधी. माजा नाव वर हाय."

"तपासणी तुझी आधी झाली गं. म्हणून वर आहे."

"ता तुला ठावं, मला ठावं. गिरणीवाल्याला कोण सांगंल?"

मी खाली बसले. ताप कधी आला ते विचारलं. लग्नघरी पानं पोचवली त्याला चार रोज झाले तेव्हा, म्हणाली. म्हणजे तोवर लग्नघरात माणसं खोकायला लागली होती. पानं कुठे दिलीस? "अंगणात." आत गेली होतीस? "नाय." एरवी एका प्रश्नाला दहा वाक्यं बोलणारी बाई एका शब्दावर आली की मला कळतं. पण ती कोणाला तरी सांभाळत होती, तेही दिसत होतं. मी पुढे ओढलं नाही.

गावात फिरले. लग्नात हळद कुठे झाली, कोण कोण होतं? पहिल्या घरात उत्तर मिळालं, "हळद झालीच नाय शिस्टर, लगीन मोजक्या माणसात, नियमात झाला." दुसऱ्या घरात तेच. तिसऱ्या घरात तेच, शब्दाला शब्द. इतकं सारखं उत्तर पाठ केल्याशिवाय येत नाही. आणि मुख्य म्हणजे लग्नघरी आतल्या खोलीच्या चौकटीला पिवळी बोटं उमटलेली मी स्वतः पाहिली होती.

हळद झाली की नाही, हे खात्रीने सांगणारी गावात एकच बाई होती, अनसाबाय. ती धवलारीण. आमच्याकडे लग्नात भटजी येतो, पण त्याच्याआधी धवलारीण येते. मुहूर्ताची हळद कुटण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिला पाठ असतं, त्याला धवले म्हणतात. ती एक ओळ म्हणते आणि बाकीच्या बायका ती उचलतात. तिने गायल्याशिवाय हळद लागत नाही. अनसाबाय पंच्याहत्तरीची असेल. तीही आजारी पडून नुकती उठली होती, भिंतीला टेकून बसली होती.

मी म्हटलं, "अनसाबाय, गाव म्हणतो हळद झाली नाही."

ती भिंतीपासून सरळ झाली. "गाण्याच्या आधी मी देवांना नावं घेऊन बोलावते गं. त्या तोंडानं तुला खोटं कशाला सांगू? झाली हळद."

मग तिने सगळं सांगितलं. गर्दी करायची नाही असा नियम होता, रस्त्यावरून पोलिसांची गाडी फिरत होती. एरवी हळद मांडवात होते, चारी बाजूंनी वारं. यावेळी आतल्या खोलीत घेतली. नवीन स्लॅबचं घर, सरकत्या काचांच्या खिडक्या. सगळ्या लावून घेतल्या आणि धवल्यांचा आवाज रस्त्यापर्यंत जाऊ नये म्हणून खिडक्यांवर गोधड्या टांगल्या. दिवेलागणीपासून जेवणवेळेपर्यंत गाणं चाललं होतं. मी ऐकत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे ते यंत्र उभं होतं. आजार पसरवायचा ठरवून खोली तयार केली असती तरी याहून चांगली जमली नसती. आणि हे त्यांनी केलं होतं गर्दीच्या नियमाला घाबरून.

"ओळ उचलाया बायकाच नव्हत्या," ती म्हणाली. "मोजक्याच बोलावल्या होत्या. चांगुणा पानं घेऊन अंगणात आली. तिचा गळा मला म्हाईत हाय. ती नको म्हणत होती, मीच तिला हाताला धरून आत नेली. नंतर मला म्हणाली, अनसाबाय, मी आत होते ते कुनाला सांगू नको, तुमच्यावर पोलीस येतील. आमच्यापायी गप बसलेय ती."

"आणि अनसाबाय, तुमचा घसा?"

तिने गळ्याला हात लावला. "सकाळपास्नं धरला होता. मला वाटला, कैरी खाल्ली म्हून."

मी घरी येऊन तो रिकामा रकाना भरला. हळदीचा दिवस, पेरणीचा दिवस, रेशनचा दिवस, सगळं जुळवून. अनसाबाय पहिली. मग लग्नघरची माणसं, एकामागून एक. आबा मधे कुठेतरी. चांगुणा नववी.

आता पंचाईत अशी की चांगुणाला वरून काढलं की वर दुसरं नाव येणार, आणि ते अनसाबायचं. जिने एकटीने खरं सांगितलं तिलाच मी गावाच्या तोंडी द्यायची. डॉक्टर मानसी म्हणाली, शास्त्राने बघितलं तर अनसाबायनेच आणला असंही सांगता येत नाही. घसा न धरता, ताप न येता आजार घेऊन फिरणारा माणूस त्या खोलीत असू शकतो, आणि तो कोण ते आता कोणालाच कळणार नाही. मग आपल्याला नक्की काय कळलंय, मी विचारलं. ती म्हणाली, खोली. मी म्हटलं, मग खोलीच दाखवू.

आम्ही मोठ्या कागदावर त्या खोलीचा नकाशा काढला. दार, खिडक्या, गोधड्या, पाट, कोण कुठे बसलं होतं त्याची टिंबं. नावं नाहीत, नंबर नाहीत. अनसाबायला विचारलं, सांगू का गावापुढे? ती म्हणाली, "सांग. पर आधी दत्ताला सांग, त्याचा बाप गेलाय." दत्ताभाऊने मला दारातच अडवलं. "हळद झाली नाय," एवढंच म्हणाला आणि दार लावलं. डॉक्टर मानसीला भीती वाटत होती की गाव चिडलं तर इथलं काम बंद पडेल. मी म्हटलं, पडू दे. एका बाईचं नाव मी घालवलंय, ते परत आणल्याशिवाय मला तुझा अभ्यास करायचा नाही.

शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. वाडीची चार माणसं आली होती. चांगुणा ओट्यावर चढली नाही, पायऱ्यांच्या खाली छत्री धरून उभी राहिली. मी उभी राहिले आणि पहिलंच वाक्य म्हटलं, "मी चुकले." इतक्या वर्षांत गावाने माझ्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. कागदावरचा नंबर हा तपासणीचा होता, आजाराचा नव्हता, आणि चांगुणाला ताप आला त्याआधी गावात बरीच माणसं आजारी होती, हे मी दोनदा सांगितलं. मग नकाशा उलगडला. ही आतली खोली. हे दार बंद. या खिडक्या बंद. इथे गाणं चाललं होतं. त्या खोलीतला कोणीही दुसऱ्या कोणालाही आजार देऊ शकत होता, आणि दाराबाहेर कोणालाच मिळाला नसता.

फोटो काढणारा सदस्य उठला. "हळद झाली ह्ये कोण म्हणतो?"

"मी म्हणते," अनसाबाय म्हणाली. काठी टेकत उभी राहिली. "मी गायले. नि चांगुणाला मीच आत ओढली. ती येत नव्हती."

मग दत्ताभाऊ भिंतीजवळून म्हणाला, "तर मग पयली कोण?"

मी म्हटलं, "ते कोणाला सांगता येणार नाही." पण अनसाबायने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पयली मला धर. घसा माझा धरला होता. तरी मी गायले."

आता हा तिच्यावर धावून येणार, असं वाटून मी दोन पावलं पुढे झाले. तो आला नाही. तिथेच खाली बसला. जमिनीकडे बघत जे बोलला ते आम्हाला नीट ऐकूही आलं नाही, पुन्हा बोलावं लागलं.

"खिडक्या मी लावल्या. गोधड्या पण मीच टांगल्या. आबा म्हणत होता, जीव घाबरतोय, एक तरी खिडकी उघड. मी म्हटला, आवाज जाईल."

मला त्याचा राग आला होता, तो सगळा तिथेच गेला. मी जाऊन त्याच्याजवळ बसले. म्हटलं, "दत्ताभाऊ, तुम्हाला आम्ही गर्दीची भीती घातली. हवेचं कोणी सांगितलंच नाही. पहिलं वर्षभर मीच तुमच्या बायकांना भाजी साबणाने धुवायला लावत होते." भाजी धुवायला लावली ते मला अजूनही लागतं. आम्हालाही तेव्हा तेवढंच माहीत होतं, पण जे सांगितलं ते इतक्या ठामपणे सांगायला नको होतं.

पुढच्या वर्षी त्या गावात लग्न निघालं तेव्हा अनसाबायला कोणी बोलावेल का, अशी मला धास्ती होती. दत्ताभाऊच तिला आणायला गेला. हळद मांडवात झाली, चारी बाजू उघड्या, आणि आवाज रस्त्यापलीकडे पोशीरपर्यंत जावा इतका मोठा. आमच्या अभ्यासाचं पुढे पुस्तक झालं, त्यात त्या खोलीचा नकाशा आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ओट्यावरची माणसं उठायला लागली तेव्हा चांगुणा पहिल्यांदा पायऱ्या चढून वर आली.

"शिस्टर, माजा नंबर कितवा?"

"तुझं नाव आता कुठेच नाही गं. नंबरच काढून टाकलेत सगळे."

"काढू नको. कितवा ता सांग."

"नववा."

"मंग लिवून दे. मघा बोललीस ता पन लिव."

मी कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं. चांगुणा, ठाकरवाडी. आजारी पडण्याचा क्रमांक नववा. आधी लिहिलेला पहिला क्रमांक चुकीचा होता, ती चूक लिहिणारीची. खाली सही केली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सहीखाली ‘शिस्टर’ न लिहिता माझं पूर्ण नाव लिहिलं. तिला वाचता येत नाही. तिने मला तो वाचायला लावला, मग डॉक्टर मानसीला, दोघींचं सारखं आलं तेव्हा घडी करून पदराला बांधला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गिरणीवर गेले. चांगुणा नाचणीची पाटी डोक्यावर घेऊन आली, रांगेत उभी राहिली. पुढची बाई थोडी बाजूला सरकली, तेवढंच. नंबर आला तेव्हा गिरणीवाला काहीतरी पुटपुटायला लागला. तिने पाटी खाली ठेवली, पदराची गाठ सोडली आणि कागद त्याच्यापुढे धरला.

"वाच."

तो मनातल्या मनात वाचायला लागला.

"तसा नको. मोठ्यांदी. मागच्यांना ऐकू जाऊ दे."

त्याने गिरणी बंद केली. आवाज थांबला. रांगेत सात-आठ जणं होती, सगळी त्याच्याकडे बघत होती. त्याने पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत वाचलं, माझ्या नावासकट. मग कागद घडी करून तिच्या हातात दिला, वाकून तिची पाटी उचलली आणि विचारलं, "बारीक दळू का जाडं?"